परगावी

भाचीला बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि आमच्या अख्ख्या भावकीत जात वैधता प्रमाणपत्र एकाकडेही नव्हतं. भाऊ उरणला कंटेनर चालवतो. त्याचा फोन आला, "ताई, तूच बघ. तू पतसंस्थेत आहेस, तुला कागदं कळतात." कर्जाची कागदं कळणं वेगळं आणि ही कागदं वेगळी, हे त्याला फोनवर कसं सांगणार? घेतलं अंगावर.

आम्ही धनगर, माणदेशातले. भटक्या जमाती, क प्रवर्ग. जातीचा दाखला प्रांत कचेरीतून मिळाला होता, पण दाखला म्हणजे वैधता नव्हे. वैधतेसाठी जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जायचं आणि तिथे जात सिद्ध करायची जबाबदारी अर्जदाराची. सन २००० च्या कायद्यातच तसं लिहिलंय. पुरावाही ठरलेल्या तारखेच्या आधीचा हवा. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. वडिलांच्या बाजूच्या कुणाचा तरी त्याआधीचा कागद, ज्यावर जात लिहिलीय. मग तो आजोबांचा असो, चुलत आजोबांचा, पणजोबांचा.

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हायस्कूलचा दाखला होता. जात स्वच्छ लिहिलेली: हिंदू धनगर. दाखल तारीख जून १९६३. दीड वर्षानं हुकलं. त्याआधीचं प्राथमिक शाळेचं रजिस्टर कुठल्याशा पावसाळ्यात पत्र्यातून गळून लगदा झालेलं. मग एका कार्यालयात कोतवाल बुकाची चौकशी केली. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद, आणि त्यात जात लिहिलेली असते. तीन खेपा घालून हातात काय पडलं, तर एका ओळीचं पत्र: सदर नोंद आढळून येत नाही. शोधलं होतं की नाही, देवाला ठाऊक. टेबलावरच्या बाईंनी वर हेही ऐकवलं, "सापडलं तरी मोडीत असणार. वाचणारा तुम्हालाच आणावा लागेल." ते मात्र खरं होतं. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना आमच्या भागात लग्नसराईतल्या वाजंत्र्यांसारखी मागणी होती.

तेव्हा दादा म्हणाले, "आबा औंधाला शिकलं नव्हतं का?"

आबा म्हणजे माझे आजोबा. शाळेबद्दल ते दोनच गोष्टी सांगायचे. मी औंधाच्या देवळाच्या ओवरीत झोपलोय, ही एक. आणि मॅट्रिकला गणितात गेलो, नायतर मामलेदार झालो असतो, ही दुसरी. दुसरीवर आमचा कुणाचाच विश्वास नव्हता. मॅट्रिकला गणितात नापास झाले ते गदिमा. ते आमच्याच भागातले, शेटफळ्यात जन्मलेले, औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांचा किस्सा आबांनी स्वतःला चिकटवला असावा, असं आम्ही आपसात बोलायचो. पण आबांचे सूर्यनमस्कार आम्ही डोळ्यांनी पाहिलेत. सत्तरी ओलांडली तरी पहाटे लंगोट कसून अंगणात पंचवीस, प्रत्येकाआधी 'ॐ ह्रां', 'ॐ ह्रीं' असा बीजमंत्र. गावातली म्हातारी माणसं हसायची. धनगराला हे बामणी खूळ कुठनं लागलं म्हणायची.

खूळ संस्थानी होतं. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. स्वतः रोज नमस्कार घालायचे, आणि संस्थानातल्या शाळांत तो नियमच करून टाकला होता. राजा बी.ए. झालेला, चित्रं काढणारा, कीर्तन करणारा. संस्थान केवढं, तर ७२ गावांचं, आणि तेही एका जागी नाही. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल कृष्णाकाठाकडे, गुणदाळ पार विजापूरच्या बाजूला. रांगोळीचे ठिपके टाकावेत तसं. किर्लोस्करांना कारखान्यासाठी १९१० मध्ये माळ मिळाला तो याच संस्थानात, कुंडलजवळ. आमचं गाव आटपाडीच्या ठिपक्यातलं. सातारा हा आमच्या आबांच्या लेखी इंग्रजांचा मुलूख. त्यांचा राजा औंधाला.

मी रजा टाकली आणि विट्याहून मायणी, वडूज करत एस.टी.नं औंधाला गेले. त्याआधी औंध मला माहीत होतं ते यमाईचं. डोंगरावर मूळपीठ, खाली गावात देऊळ. शाळेच्या कामानं म्हणून औंधात पहिल्यांदाच उतरत होते.

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज, आधारची झेरॉक्स, नातं सांगणारा कागद, कारण: जात पडताळणी. सर चांगले होते, चहा मागवला. क्लार्क दादांनी विचारलं, "ताई, साल कुठलं?"

"आबांचा जन्म अंदाजे १९२१ चा."

"दाखल साल?"

ते मला कुठून माहीत असणार? जनरल रजिस्टर नावावरून लावलेलं नसतं. जसा मुलगा येईल तसा नंबर पडतो. साल नसेल तर पान पान उलटायचं. क्लार्क दादा म्हणाले, "तिसापासून चाळिसापर्यंत बघा. पण पेन नको, पाणी नको, आणि थुंकी लावून पान उलटायचं नाही." हे तिसरं त्यांनी आधीच्या अनुभवावरून सांगितलं असणार.

खारव्याच्या लाल कापडात बांधलेली रजिस्टरांची बाडं. कडा कसरीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, पण अक्षर! एकेक मास्तर मोत्यासारखं लिहून गेलेत. अक्षर बदललं की कळायचं, कारकून बदलला. आडव्या ओळीत रकाने: नंबर, नाव, पालकाचं नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल तारीख, दाखल इयत्ता, प्रगती, वर्तणूक, सोडल्याची तारीख, सोडतानाची इयत्ता, सोडण्याचं कारण.

मला हवा होता चौथा रकाना. त्यावर बोट ठेवून खाली सरकायचं, 'धनगर' दिसलं की डावीकडे नाव बघायचं. अर्ध्या तासात माझं बोट भलतीकडे जायला लागलं. शेवटच्या रकान्याकडे. परगावी. नोकरी. प्रकृती. लग्न. गैरहजर. परगावी. मयत. परगावी. पास झाला म्हणून गेला, असं लिहायला फार थोड्या ठिकाणी वेळ आलेली. शाळांच्या स्मरणिका निघतात त्यात कोण मोठं झालं याची यादी असते, आणि औंधची ती यादी मोठी आहेच. साने गुरुजी कोकणातून इथे शिकायला आले होते, गरिबाच्या पोराला इथे आधार मिळतो म्हणून. पुढे प्लेगनं त्यांना औंध सोडायला लावलं. त्यांच्या ओळीतल्या शेवटच्या रकान्यात काय लिहिलं असेल? 'परगावी'च ना? दुसरं काय लिहिणार कारकून!

गदिमांचं नाव दिसतंय का, हेही मी बघत होते, खोटं कशाला बोलू. आबांचीच वर्षं ती. क्लार्क दादा न बघताच म्हणाले, "माडगूळकर शोधताय ना? सगळेच शोधतात." मी ओशाळून परत धनगरांकडे वळले.

इयत्तांनी पहिला घोळ घातला. मी नववी-दहावी धरून बसलेले, आणि रजिस्टरात 'इं. १', 'इं. ३'. क्लार्क दादांनी समजावलं. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली, म्हणजे आत्ताची पाचवी. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, ती परीक्षा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. एस.एस.सी. बोर्डाची पहिली परीक्षा झाली १९४९ मध्ये, तोपर्यंत औंध संस्थानच उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी काही नाही. संध्याकाळी गाडीला वेळ होता म्हणून टेकडीवरचं संग्रहालय बघायला चढले, तर ते बंद व्हायला आलेलं. रविवर्म्याची चित्रं आहेत तिथे, आणि हेन्री मूरचं मायलेकराचं एक शिल्प, साऱ्या खटाव तालुक्यात न शोभणारं. राजानं १९३८ मध्ये हे उभं केलं. पायऱ्यांवर बसून खाली बघत होते. जत्रेच्या गावासारखं गाव, आणि मधोमध एवढी शाळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोट थांबलं. हिंदू धनगर. नाव आबांचं, पालकाच्या रकान्यात पणजोबांचं. जन्मस्थळ आमचं गाव, ता. आटपाडी, संस्थान औंध. दाखल जून १९३३, इंग्रजी पहिली. प्रगती: बरी. वर्तणूक: चांगली. सोडल्याची तारीख नोव्हेंबर १९३४, इंग्रजी दुसरी. कारण: परगावी.

मी ओरडलेच असणार, कारण शेजारच्या खोलीतून शिपाई मामा बघायला आले.

परगावी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. दिवाळी झाली, गवत वाळलं, की आमचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, चूल, बायका, पोरं सगळं मिळून वाडा. पाऊस पडेपर्यंत चाऱ्याच्या मागे. तेरा वर्षांचं चालतं-बोलतं पोर हाताशी असताना कोण त्याला औंधात ठेवणार! कारकुनानं एका शब्दात उरकलं, पण चुकीचं नाही लिहिलं.

म्हणजे मॅट्रिक नाहीच. इंग्रजी दुसरी. भाऊ फोनवर खो-खो हसला. "गणितात गेलो म्हणायचं म्हातारं!"

काम झालं होतं. क्लार्क दादा उताऱ्याचा कोरा कागद काढून लिहायला बसले आणि मी आपली उगाच पुढची पानं उलटत होते, हातात रजिस्टर आहे म्हणून. पस्तीस गेलं. छत्तिसाच्या जूनमध्ये परत आबा.

तेच नाव, तेच गाव, तीच जन्मतारीख. नंबर नवा. आधीची शाळा: 'हीच.' इंग्रजी दुसरी. वय पंधरा. सोडल्याची तारीख एप्रिल १९३८, इंग्रजी तिसरी. कारण: गैरहजर, नाव कमी केले.

दीड वर्ष मेंढरांमागे हिंडून परत आलेलं, मिसरूड फुटायला आलेलं पोर बारा वर्षांच्या पोरांच्या बाकावर जाऊन बसलेलं. हे आबा कधी बोलले नाहीत. मॅट्रिकच्या थापा मारल्या, पण हे नाही सांगितलं.

क्लार्क दादांनी चष्म्यावरून बघितलं. "दोन नोंदी? पहिलीच घ्या. समितीला जितकी जुनी तितकी बरी. आणि दुसरीत पालकाचं नाव वेगळं आहे बघा, उगाच त्रुटी काढतील."

मी ते बघितलंच नव्हतं. दुसऱ्या नोंदीत पालकाच्या रकान्यात पणजोबा नव्हते. एका बाईचं नाव होतं, आणि पुढे कंसात, बारीक अक्षरात, 'आई'.

दोन्ही उतारे घेतले. "दुसऱ्याचं काय करणार?" क्लार्क दादांनी विचारलं. घरी ठेवीन म्हटलं. त्यांनी दोन्हींवर शिक्का मारला, सरांची सही घेतली, आणि पुन्हा पुन्हा बजावलं की मूळ नोंदीत काना-मात्राही बदलता येत नाही, तेव्हा नावात काही फरक दिसला तर आत्ताच बघून घ्या. दिसला होता. इथे नाव पूर्ण होतं आणि सातबाऱ्यावर घरगुती, तेही आडनावाशिवाय. दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र वेगळं: भाची, तिचा बाप, दादा, आबा, पणजोबा. सरळ रेघ.

समितीच्या ऑनलाइन अर्जात हे सगळं चढवलं आणि त्रुटी निघालीच. जन्मस्थळाचा जिल्हा जुळत नाही. मी गेले. टेबलावरच्या तरुणानं गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हे औंध पुण्याचं ना? मग तुमचा अर्ज सांगलीला कसा?"

मग उभ्या उभ्या त्याला शिकवणी दिली. हे औंध साताऱ्याचं. आमचं गाव तेव्हा औंध संस्थानात. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ मध्ये सातारा फोडून दक्षिण सातारा जिल्हा केला, म्हणून दादांच्या एका कागदावर दक्षिण सातारा. १९६० मध्ये त्याचंच नाव सांगली झालं. गाव तसूभर हललं नाही. वर बसणारे बदलत गेले. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "हे एका कागदावर लिहून द्या ना." दिलं. पुढे दक्षता पथकाचे साहेब घरी आले, दादांना चार प्रश्न विचारले: कुलदैवत, सोयरीक कुठल्या गावात, वाडा कुठं कुठं जायचा. औंधलाही जाऊन त्यांनी मूळ रजिस्टर पाहिलं.

त्यांच्याशी बोलता बोलता दादांनी एक गोष्ट सांगितली, जी मला नवी होती. राजानं १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं गावांच्या हाती कारभार दिला, घटना केली. त्यात मत द्यायचं तर लिहिता-वाचता यायला हवं, अशी अट होती. मग गावोगाव म्हाताऱ्या-कोताऱ्यांना अक्षरं शिकवायची धांदल उडाली. आमच्या गावात रात्री कंदील लावून सह्या शिकवायला बसायचे ते आबा. इंग्रजी तिसरीतून नाव कमी झालेले, अठरा वर्षांचे. "माझ्या चुलत्याची सही आबांनी बसवली," दादा म्हणाले, "मरेपर्यंत तो तशीच करायचा, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. आबांच्या अक्षराला तसंच शेपूट होतं." साहेबांनी हे लिहून घेतलं नाही. ते जातीच्या पुराव्यात बसत नव्हतं.

वैधता आली. प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस होते. भाचीनं मोबाइलवर पीडीएफ पाहिली, "थँक्यू आत्या" म्हणाली आणि कॉलेजचा फॉर्म भरायला बसली. बरोबरच आहे, तिला तेच हवं होतं.

दुसरा उतारा मी दिवाळीत गावी नेला. दादा चष्मा लावून वाचत होते. प्रगती: बरी. वर्तणूक: चांगली. मग पालकाच्या रकान्यावर थांबले. तोवर आमच्या घरात पणजीचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. दादांनी तिला लहानपणी बघितलंय, पण ती सगळ्यांची आक्का. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ती कुठेच नाही, सातबाऱ्यावर नाही, घरात फोटो नाही.

"म्हंजे आज्जा चौतीस ते छत्तीसच्या दरम्यान गेला," दादा म्हणाले. "वाटंतच गेला आसंल. घाटाखाली कुठंतरी." मग बराच वेळ कागद हातात धरून बसले. "आन् हिनं मागं फिरून पोराला शाळंत घातलं."

"मेंढरं कुणी राखली मग?" मी विचारलं.

दादांनी उत्तर दिलं नाही. ते नाव वाचत होते, ओठांतल्या ओठांत, पहिली-दुसरीतली पोरं जोडाक्षर वाचतात तसं तोडून तोडून.